‘ती केवळ निमित्त आहे’

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून एका तरुण चित्रकाराचें प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस आला. चित्रकाराचें वय तिशीच्या आंत. हात मात्र विलक्षण तयार. भिंतींवर एकवीस चित्रें होतीं व तीं सर्वच्या सर्व स्त्रियांचीं होतीं. कातडीचा पोत, कपाळावर आलेली केसांची बट, सुती साडीच्या चुण्या, कानांतील कुड्यांवर पडलेला उजेड, हें सर्व इतकें हुबेहूब कीं, पाहणारा बोट लावून पाहावयास पुढें सरसावे आणि मग ओशाळून मागें फिरे. पण चित्रकाराचें समाधान तेवढ्यानें झालेलें नव्हतें. एकीच्या डोळ्यांच्या जागीं दोन पतंग पंख पसरून बसले होते. दुसरीच्या मस्तकाचें झांकण उघडून त्यांतून एक शिडी आभाळांत गेली होती. तिसरीच्या गळ्याभोंवतीं मोत्यांऐवजीं मासे पोहत होते. प्रदर्शनाच्या पुस्तिकेंत या प्रकाराला ‘अतिवास्तव वास्तवदर्शन’ असें भारदस्त नांव दिलें होतें, आणि येणारे-जाणारे सुशिक्षित स्त्री-पुरुष तें नांव एकमेकांना मोठ्या समाधानानें ऐकवीत होते.

पतंगांच्या डोळ्यांची ती मुलगी आम्हीं ओळखली. ती आमच्याच महाविद्यालयांत बी. ए. च्या शेवटच्या वर्षांत शिकत होती, आणि आपलें चित्र पाहावयास त्या दिवशीं तीहि आली होती. चित्र कसें वाटलें, असें आम्हीं तिला विचारलें. मुलगी मितभाषी व भिडस्त. थोडा वेळ चित्राकडे पाहून ती म्हणाली, “चित्र सुंदर आहे, सर. पण यांत मी कुठें आहे, तें मला सांपडत नाहीं.” चित्रकार जवळच उभे होते. आम्हीं तिचें म्हणणें त्यांच्या कानांवर घातलें. ते हंसले आणि अगदी सौजन्यानें म्हणाले, “सर, तिला वाईट वाटूं नये, पण हें चित्र माझ्या मनांतलें आहे. ती केवळ निमित्त आहे.”

प्रस्तुत लेख या एका वाक्याविषयीं आहे. तें बोलणाऱ्या चित्रकाराचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण आमचें भांडण त्यांच्याशीं नाहीं. त्यांच्यासारखें बोलणारे आज पुष्कळ आहेत व त्यांतील कित्येक गुणी आहेत. आमचें भांडण त्या मताशीं आहे. आमच्या घरांतून या चित्रांविषयीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “एवढा चांगला चेहरा काढला होता, त्याचें मातेरें कशाला केलें?” तरुण मंडळी म्हणतात, “जितकें विचित्र तितकें आधुनिक. तुम्हांला कळत नाहीं.” या दोन्ही पक्षांत वरवर पाहतां मोठें अंतर आहे. परंतु जिचें चित्र काढलें ती बाई कोण व तिचें या चित्रांत काय झालें, हा प्रश्न दोन्ही पक्षांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. पहिल्यांना देखणा मुखवटा हवा आहे, दुसऱ्यांना चमत्कारिक मुखवटा हवा आहे, इतकाच काय तो भेद.

अतिवास्तववादाचा इतिहास पाहिला तर हा दोष आजकालचा नव्हे, हें दिसून येईल. आंद्रे ब्रेताँ यांनीं या पंथाचा जाहीरनामा पॅरिस येथें १९२४ सालीं प्रसिद्ध केला. जागेपणीं बुद्धीचा पहारा असल्यामुळें मनांतलें जें बाहेर येऊं शकत नाहीं, तें स्वप्नाच्या वाटेनें बाहेर आणावयाचें, हा त्यांचा मूळ हेतु. हेतु थोर होता, आणि त्यानें चित्रकलेला नवे प्रदेश मिळवून दिले, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण स्वप्न म्हटलें कीं तें कोणाचें, हा प्रश्न लागलाच उभा राहतो. या पंथाच्या नियतकालिकानें १९२९ सालच्या डिसेंबरच्या अंकांत त्याचें उत्तर नकळत देऊन ठेविलें आहे. त्यांत रने माग्रित यांचें एक चित्र छापलें होतें: मध्यें एक विवस्त्र स्त्री, मान एका बाजूस वळविलेली, वर-खालीं एका वाक्याचे तुकडे. वाक्याचा अर्थ असा कीं, अरण्यांत दडलेली अमुक मला दिसत नाहीं. आणि ज्या ठिकाणीं ‘स्त्री’ हा शब्द यावयाचा त्या ठिकाणीं शब्दाऐवजीं ही आकृति. या चित्राच्या चहूंबाजूंनीं पंथांतील सोळा पुरुषांचीं छायाचित्रें चौकटीसारखीं लावलीं होतीं. सोळाहि जण नीटनेटक्या पोषाखांत, आणि सोळाहि जणांचे डोळे मिटलेले.

हें पान आमच्या मतें फार बोलकें आहे. सोळा सद्गृहस्थ एका स्त्रीभोंवतीं बसून डोळे मिटून तिचें स्वप्न पाहत आहेत. आणि तिला स्वतःला कांहीं स्वप्न पडतें कीं नाहीं, याची त्यांतील एकालाहि चौकशी करावीशी वाटलेली नाहीं. पुढें १९३४ सालीं याच माग्रित यांनीं स्त्रीच्या मुखाच्या जागीं तिचें विवस्त्र शरीर बसविलें; डोळे, नाक, तोंड या सर्वांचें काम शरीराच्या दुसऱ्या भागांकडून करविलें. त्या चित्राला त्यांनीं ‘बलात्कार’ असें नांव दिलें, आणि ब्रेताँ यांनीं तें आपल्या एका पुस्तिकेच्या वेष्टनावर छापलें. न्यायाचें म्हणून आम्हांस हें सांगितलें पाहिजे कीं, त्या नांवामुळें चित्राचा अर्थ उलटाहि लावतां येतो. पुरुषाची नजर स्त्रीच्या चेहऱ्यावर कोणता अत्याचार करते, तें माग्रित दाखवीत आहेत, असें कांहीं जाणते म्हणतात, व तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण निदान माग्रित यांनीं आपल्या कृत्याला त्याचें खरें नांव तरी दिलें. आमचे तरुण चित्रकार तेंच कृत्य पतंगांच्या पंखांखालीं झांकतात आणि त्याला ‘स्त्रीच्या अंतर्मनाचा शोध’ म्हणतात.

अंतर्मनाचा शोध म्हणजे काय, तें पाहावयाचें असेल तर फ्रिदा कालो या मेक्सिकन चित्रकर्तीकडे जावें. १९३२ सालीं ती अवघी पंचवीस वर्षांची होती, म्हणजे आमच्या या चित्रकारांहूनहि कदाचित् लहानच. त्या वर्षीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं तिचा गर्भपात झाला. रुग्णालयांतील त्या अनुभवाचें चित्र तिनें जेमतेम फूटभर उंचीच्या पत्र्यावर काढलें. लोखंडी पलंग उघड्या माळावर आहे. क्षितिजावर कारखान्याच्या इमारती आहेत. पलंगावर ती स्वतः रक्तानें भिजलेल्या चादरीवर पडलेली आहे व गालावर अश्रूचा मोठा थेंब आहे. तिच्या हातांतून सहा तांबड्या फिती निघतात आणि सहा वस्तूंना जाऊन मिळतात: अर्भक, गोगलगाय, ओटीपोटाचें हाड, शरीररचनेचा एक नमुना, एक यंत्र व एक जांभळें ऑर्किड. पाहणाऱ्याला प्रथम हें सारें अद्भुत वाटतें. पण गोगलगाय तेथें आली ती त्या घटनेच्या जीवघेण्या संथपणामुळें. हाड आलें तें लहान वयांत, १९२५ सालच्या अपघातांत, तिचें शरीर मोडलें होतें म्हणून. फूल आलें तें रुग्णशय्येपाशीं नवऱ्यानें आणलें होतें म्हणून. सहांपैकीं एकहि वस्तु शोभेसाठीं आलेली नाहीं. १९३८ सालीं ब्रेताँ मेक्सिकोस गेले, तिचीं चित्रें पाहून हर्षभरित झाले आणि त्यांनीं तिला आपल्या पंथांत ओढली. तिनें मात्र पुढें स्पष्ट सांगितलें कीं, आपण स्वप्नें कधींच रंगविलीं नाहींत, स्वतःची वस्तुस्थितीच रंगविली. अतिवास्तव म्हणून ज्याची वाहवा झाली तें तिच्या मतें नुसतें वास्तव होतें. या उत्तरांतच आमच्या सगळ्या म्हणण्याचें सार आहे.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, कालो स्वतःचें चित्र काढीत होती. दुसऱ्या स्त्रीचें, आणि तेंहि पुरुषानें, चित्र काढावयाचें तर त्याला स्वतःच्या मनावांचून दुसरा आधार कोणता? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर फार दूर शोधावें लागत नाहीं. कलकत्त्याचे बिकाश भट्टाचार्जी (१९४०–२००६) हे पुरुषच होते. चित्रकलेंत आकृतीचा मोड करण्याची हौस ऐन भरांत असतांना त्यांनीं तैलरंगांतील यथातथ्य चित्रणाची वाट सोडली नाहीं. उत्तर कलकत्त्यांतील जुनीं घरें, गच्च्या, ओल आलेल्या भिंती आणि त्यांत राहणारीं माणसें त्यांनीं आयुष्यभर न्याहाळलीं. १९७० च्या सुमारास त्या शहरांत रक्तपात चालला असतां त्यांनीं बाहुलीचीं चित्रें काढलीं. मुलीचें खेळणेंच, पण तें पाहून अंगावर कांटा येतो. पुढें दुर्गेची चित्रमाला आली. तींत दुर्गा म्हणजे मखरांतील देवी नव्हे; रोजच्या साडींतली, रोजच्या घरांतली बंगाली बाई आहे, आणि तिच्या कपाळावर तिसरा डोळा आहे. त्या एका डोळ्याखेरीज चित्रांत लोकविलक्षण असें फारसें कांहीं नाहीं. पण तेवढ्यानें त्या बाईकडे पाहण्याची आपली रीतच बदलते. आतांपर्यंत आपण तिला पाहत होतों, आतां ती आपल्याला पाहत आहे असें वाटूं लागतें.

तिसऱ्या डोळ्याचा विषय निघालाच आहे, तर एक घरगुती दाखला देतों. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला व तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. त्यांचे चेहरे, साड्या, दागिने अगदी ओळखीच्या बायकांसारखे. आणि हात मात्र चार! आमच्या आज्यांपणज्यांनीं त्या तसबिरींना हळदकुंकू वाहिलें. पण हें चित्र अतिवास्तव आहे, असें त्यांपैकीं एकीच्याहि मनांत आलें नाहीं. कां आलें नाहीं? केवळ संवयीमुळें, असें म्हणून भागणार नाहीं. त्या चार हातांपैकीं प्रत्येकाला कांहीं काम आहे, हें त्यांना ठाऊक होतें: एक हात देतो, एक अभय देतो, दोन हात कमळें धरतात. अवयव अधिक असले तरी निरुद्योगी नव्हते. भट्टाचार्जींच्या तिसऱ्या डोळ्याला असेंच काम आहे. आमच्या प्रदर्शनांतील पतंगांना काम काय होतें? मासे कशासाठीं पोहत होते? चित्रकारांना विचारलें असतां ते म्हणाले, “ज्यानें त्यानें आपापला अर्थ लावावा.” ज्याचा अर्थ कोणीहि कांहींहि लावावा, तें चित्रांत कोणीहि कोठेंहि ठेविलें असतें तरी चाललें असतें, आणि तसेंच तें ठेविलेलें दिसत होतें.

हुबेहूब रंगविण्याच्या कौशल्याची जबाबदारी येथेंच उत्पन्न होते, व ती फार थोडे लोक ओळखतात. चित्रकार जेव्हां गालावरचा तीळ, ओठाची भेग आणि नखांखालचा मळ जसाचा तसा काढतो, तेव्हां तो पाहणाऱ्याला एक वचन देत असतो. ही कोणी काल्पनिक सुंदरी नव्हे, ही एक विशिष्ट, जिवंत बाई आहे, असें तें वचन. तें देऊन लगेच ‘ती केवळ निमित्त आहे’ असें म्हणणें हा वचनभंग आहे. स्त्री निमित्तच असेल, तर तिचा तीळ इतक्या मेहनतीनें कशाला काढलात? एखादी मनगढंत आकृति काढून तिच्या डोळ्यांत खुशाल पतंग भरावयाचे होते. आम्ही ब्रहि काढला नसता. पण तसें केल्यास चित्र निर्जीव होईल, हें चित्रकारांनाहि कळतें. त्यांना तिच्या खरेपणाचा दिपवणारा परिणाम हवा आहे. तो खरेपणा ज्या आयुष्यांतून आला तें आयुष्य मात्र नको आहे.

त्या आयुष्यांत काय होतें, तें आम्हांस त्याच दिवशीं कळलें, आणि तें येथें त्या मुलीच्या अनुज्ञेनेंच लिहीत आहोंत. प्रदर्शनांतून बाहेर पडतांना पावसासाठीं आम्ही दरवाज्यांत थांबलों होतों. बोलतां बोलतां ती म्हणाली, “सर, त्यांनीं मला चार दिवस बसविलें, पण एकदांहि कांहीं विचारलें नाहीं.” मग तिनें सांगितलें कीं, तिच्या आईला दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आला व वाचा गेली. रात्रीं कूस बदलावयास आईला दुसऱ्याची मदत लागते. पण हांक मारतां येत नाहीं. म्हणून मुलगी झोंपतांना एका नाडीचें एक टोंक आईच्या चांगल्या हाताला बांधते व दुसरें आपल्या मनगटाला. आईनें ओढलें कीं ती उठते. “आतां वर्गांत बसलें असतांनाहि मधूनच मनगटाला ओढ लागल्यासारखी वाटते,” ती म्हणाली, “आणि मी दचकून उठायला लागतें. मैत्रिणी हंसतात.” हें सांगतांना ती डाव्या मनगटावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवीत होती.

वाचकहो, अतिवास्तव याहून निराळें काय असतें? भरदिवसा, भरल्या वर्गांत, तीन मैलांवरच्या अंथरुणाला बांधलेली एक मुलगी! चित्रकार चार दिवस त्या मनगटासमोर बसले होते. त्यांनीं तें मनगट उत्कृष्ट रंगविलेंहि आहे. वरची निळी शीर आम्हीं स्वतः पाहिली. त्यांनीं एक प्रश्न विचारला असता, तर पतंग आणावयास परप्रांतांत जावें लागलें नसतें. आणि हें चित्र ‘माझ्या मनांतलें’ आहे, हा त्यांचा दावा तरी कितपत खरा आहे? ते पतंग, त्या शिड्या, ते मासे हीं कोणा एकाच्या मनांत उगवलेलीं चिन्हें नव्हत. गेल्या शंभर वर्षांत तीं इतक्या प्रदर्शनांतून, पुस्तकांच्या वेष्टनांवरून व जाहिरातींतून फिरलीं आहेत कीं, आतां तीं नाटक कंपनीच्या पेटींतल्या दागिन्यांसारखीं कोणाच्याहि गळ्यांत घालतां येतात. चित्रकार ज्याला आपलें स्वप्न म्हणतात तें भाड्यानें आणलेलें आहे. आणि ज्या बाईचें अस्सल स्वप्न समोर बसलें होतें, ती म्हणे निमित्त!

आज तर या प्रश्नाला एक नवी धार आली आहे. चार शब्द टंकून दिले कीं संगणक पाहतां पाहतां पतंगांच्या डोळ्यांची देखणी स्त्री तयार करून देतो. कातडीचा पोत आणि कुड्यांवरचा उजेडहि देतो. हुबेहूबपणा व विचित्रपणा या दोन्ही वस्तु एकाएकीं अत्यंत स्वस्त झाल्या आहेत. याबद्दल चित्रकार मंडळी यंत्राला दोष देतात. पण यंत्रानें त्यांचें जें हिरावून नेलें, तें मुळांत त्यांचें होतें काय, याचा त्यांनीं विचार करावा. तशा आकृति असंख्य चित्रांतून यंत्र शिकलें आहे, आणि आमचे चित्रकारहि तेथूनच शिकले आहेत. समोर बसलेल्या बाईला विश्वासांत घेऊन ‘रात्रीं झोंप लागते ना?’ असें विचारणें, आणि तिनें जें सांगितलें त्याचा भार घेऊन कुंचला उचलणें, हें मात्र अजून माणसालाच करावें लागतें.

‘कलावंताच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे’ अशी ओरड होईल, हें आम्ही जाणून आहोंत. घाला वगैरे कांहीं नाहीं. कोणाचें चित्र भिंतीवरून उतरवा, असें आम्ही म्हणत नाहीं, आणि म्हणणाऱ्यांना आमचा कायमचा विरोध आहे. मुखवट्याच्या अपेक्षेनें येणाऱ्या ज्येष्ठांनाहि आम्ही पाठिंबा देत नाहीं. नुसता देखणा, साधासरळ चेहरा काढला म्हणजे बाईला न्याय मिळाला, असें मुळींच नाहीं. त्या मुलीचें साधें, हुबेहूब चित्र काढलें असतें तर तें तिच्या मनगटावरची ओढ दाखवूं शकलें नसतें. तेथें अद्भुताची गरज होती, म्हणूनच आमची तक्रार आहे. तरुण चित्रकारांना आम्ही कमी धाडस करा असें सांगत नसून, जेथें तें खरोखर लागतें तेथें करा, असें सांगत आहोंत. दुसऱ्याच्या दुःखापुढें आपलें मन थोडें मागें घ्यावयास जें धाडस लागतें, तें डोळ्यांच्या जागीं पतंग बसविण्याहून पुष्कळ अधिक आहे.

आणि प्रदर्शनाला जाणाऱ्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांनाहि एक विनंती आहे. यापुढें असें चित्र समोर आलें कीं ‘हें सुंदर आहे काय?’ आणि ‘हें आधुनिक आहे काय?’ या दोन प्रश्नांच्या आधीं ‘ही बाई कोण, आणि ह्या वस्तु तिच्या कोण लागतात?’ हा प्रश्न चित्रकारांना अवश्य विचारावा. उत्तर मिळालें तर चित्र घरीं न्यावें. न मिळालें तर तें तेथेंच राहूं द्यावें. त्या मुलीचें चित्र प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशीं विकलें गेलें, असें आम्हांस मागाहून समजलें. तें आतां कोणाच्या तरी दिवाणखान्यांत असेल, आणि पाहुणे त्या पतंगांची तारीफ करीत असतील. ती मात्र आजहि रात्रीं मनगटाला नाडी बांधून झोंपते.